वाळवंटातील वाटमारी आणि सुरक्षित प्रवासाची व्यवस्था : दमास्कस–बगदाद मार्गाचा इतिहास

१. प्रस्तावना

रस्त्यावरच्या लूटमारीपासून बचाव कसा करावा असे विचारले, तर साधारणपणे दोन उत्तरे मिळतात. एक, सोबत शस्त्र ठेवावे. दोन, गाडी वेगाने पळवावी. या पाठात आपण ही दोन्ही उत्तरे एका खऱ्या रस्त्यावर तपासून पाहणार आहोत. तो रस्ता म्हणजे सीरियातील दमास्कसपासून इराकमधील बगदादपर्यंत जाणारा वाळवंटी मार्ग. त्याची लांबी ८०० किलोमीटरहून अधिक आहे. १९२३ मध्ये या मार्गावर नियमित मोटारसेवा सुरू झाली. त्याआधी शेकडो वर्षे येथून उंटांचे काफिले जात होते, आणि त्यानंतरची शंभर वर्षेही या रस्त्याने कधी सुरक्षितता तर कधी भीती अनुभवली.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या विषयात एखादा पूल पडला, तर ‘कोणता भाग तुटला?’ एवढेच विचारून थांबत नाहीत. ‘भार कोणकोणत्या भागांवर वाटलेला होता?’ हेही विचारतात. प्रवासाच्या सुरक्षिततेकडेही याच नजरेने पाहावे, एवढीच या पाठामागची कल्पना आहे.

हा पाठ वाचताना पुढील तीन प्रश्न मनात ठेवा.

(अ) वाळवंटात लूटमार कोण करत होते, आणि का?
(आ) प्रवासी सुरक्षित राहत होता तो नेमका कशामुळे?
(इ) त्या सुरक्षिततेची किंमत कोण मोजत होते?

२. भूगोल : हे वाळवंट कसे आहे?

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. सीरियाचे वाळवंट तसे नाही. त्याचा बराचसा भाग सपाट, कठीण आणि बारीक खड्यांचा आहे. कोरड्या हवेत अशा जमिनीवर मोटार बांधलेल्या रस्त्याशिवायही धावू शकते. पाऊस पडला मात्र की सखल भागात चिखल होतो आणि चाके रुततात. दक्षिणेकडे, आजच्या जॉर्डनच्या बाजूला, काळ्या ज्वालामुखी दगडांचे पट्टे आहेत. ते टायरांचे शत्रूच.

पाण्याच्या जागा थोड्या आणि एकमेकींपासून दूर आहेत. दमास्कस आणि बगदाद यांच्या साधारण मध्यावर रुतबा येथे विहिरी आहेत. पाणी जिथे आहे तिथे प्रवाशाला थांबावेच लागते, आणि तो कुठे थांबणार हे लुटारूलाही ठाऊक असते. वाळवंटातील वाटमारीचे मूळ गणित एवढेच आहे. मैदान कितीही मोठे असले, तरी प्रवाशाच्या वाटा मोजक्याच असतात.

३. काफिल्यांचा काळ : पैसा, सोबती आणि शब्द

या वाळवंटाच्या मध्यभागी पालमायरा हे प्राचीन नगर आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथील व्यापाऱ्यांनी काही नागरिकांचे पुतळे उभारले आणि त्यांखाली कृतज्ञतेचे लेख कोरले. ज्यांनी काफिले सुखरूप पोहोचवले, संकटात मदत केली, स्वतःचा पैसा खर्च केला, अशांचा हा गौरव होता. म्हणजे काफिला सुरक्षित पोहोचवणे हे त्या काळीही एक मोठे सार्वजनिक काम समजले जात होते.

पुढील काळात या प्रदेशात बदू, म्हणजे उंट पाळणाऱ्या भटक्या टोळ्यांचे, वर्चस्व होते. त्यांच्या समाजात दोन पद्धती महत्त्वाच्या होत्या.

पहिली पद्धत ‘खुव्वा’. या शब्दाचे नाते अरबीतील भाऊ या शब्दाशी आहे. दुबळ्या गावाने, व्यापाऱ्याने किंवा काफिल्याने बलवान टोळीला ठरावीक रक्कम द्यायची. मोबदल्यात ती टोळी त्यांना लुटणार नाही आणि इतरांनी लुटले तर माल परत मिळवून देण्याचा प्रयत्न करील. आपल्याला येथे चौथाईची आठवण होईल. दोन्हींचा संदर्भ वेगळा असला, तरी ‘पैसे द्या, उपद्रव टळेल’ हा व्यवहार ओळखीचा आहे. याला खंडणी म्हणावे की कर? देणारा खंडणी म्हणेल, घेणारा हक्क म्हणेल.

दुसरी पद्धत ‘रफीक’. रफीक म्हणजे सोबती. ज्या टोळीच्या मुलखातून जायचे, त्या टोळीतला एक माणूस काफिल्यासोबत घ्यायचा. तो एकटाच असे. लढाईत त्याचा उपयोग फारसा नव्हता. पण तो सोबत असताना त्याच्याच टोळीने काफिल्यावर हात टाकला, तर त्याची आणि त्याच्या घराण्याची अब्रू जात असे. मुलूख बदलला की सोबतीही बदलावा लागे.

असाच प्रकार आपल्या थर वाळवंटातही होता. राजस्थान आणि कच्छ भागात चारण समाजातील माणसे व्यापारी तांड्यांबरोबर जात. चारण पूज्य मानले जात. तांड्यावर हल्ला झाला, तर सोबतचा चारण स्वतःला इजा करून घेण्याची, प्रसंगी जीव देण्याची धमकी देई. त्याच्या रक्ताचे पाप आपल्या माथी नको, म्हणून लुटारू मागे हटत. मराठीतला ‘हुंडेकरी’ हा शब्दही असाच बोलका आहे. वाटेतल्या जकाती आणि जोखीम अंगावर घेऊन ठरावीक रकमेत माल पोहोचवण्याची हमी देणारा तो हुंडेकरी.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. शस्त्र होतेच, पण मुख्य भार शस्त्रावर नव्हता. तो ओळख, पैसा आणि दिलेल्या शब्दावर होता.

४. शब्द मोडला की काय होते? १७५७ ची घटना

दमास्कसहून दरवर्षी मक्केकडे हज यात्रेकरूंचा मोठा काफिला निघत असे. ऑटोमन साम्राज्याच्या दृष्टीने हा काफिला सुखरूप नेणे आणि आणणे ही प्रतिष्ठेची बाब होती. सैन्य सोबत असेच, शिवाय वाटेवरच्या टोळ्यांना दरवर्षी रकमा दिल्या जात. १७४३ ते १७५७ या काळात दमास्कसचा सुभेदार असलेल्या असद पाशा अल-अज्म याने हा काफिला वर्षानुवर्षे व्यवस्थित सांभाळला होता.

१७५७ मध्ये त्याला पदावरून हटवण्यात आले. त्याच वर्षी परतणाऱ्या यात्रेकरूंसाठी अन्नधान्य घेऊन निघालेल्या मदत-काफिल्यावर हल्ला झाला, आणि त्यानंतर बनी सख्र व इतर टोळ्यांनी मुख्य काफिलाच लुटला. हजारो यात्रेकरू मरण पावले. त्यांतले अनेक जण शस्त्राने नव्हे, तर लुटले गेल्यानंतर तहानेने आणि उपासमारीने मेले.

ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. शहरात लूट झाली तर माणूस पैसे गमावतो. वाळवंटात उंट आणि पाण्याच्या पखाली गेल्या की जीवच जातो. म्हणून वाळवंटातील सुरक्षितता ही मालाच्या राखणीपुरती मर्यादित राहत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. टोळ्यांसाठी काफिला म्हणजे उत्पन्न होते. उंट भाड्याने देणे, वाट दाखवणे, पाणी देणे आणि ठरलेली रक्कम घेणे यांवर त्यांचे वर्ष निघे. दुष्काळ पडला, जनावरे मेली किंवा रक्कम थांबली की तोच रखवालदार लुटारू होई. १९०८ मध्ये दमास्कस–मदिना रेल्वे पूर्ण झाली, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. आगगाडीला उंट लागत नाही आणि वाटाड्याही लागत नाही. टोळ्यांनी या रेल्वेला केलेल्या विरोधामागे बुडालेले उत्पन्न हे एक महत्त्वाचे कारण होते.

५. मोटार येते : नेर्न बंधूंची सेवा

पहिल्या महायुद्धानंतर सीरिया फ्रान्सच्या आणि इराक ब्रिटनच्या ताब्यात गेला. इराकमधील ब्रिटिश मोहीम मुख्यतः भारतातून चालवली गेली होती. तेथे भारतीय रुपया चलनात होता आणि १९३२ मध्ये दिनार येईपर्यंत तो राहिला. लंडनहून बगदादला जायचे तर नेहमीचा मार्ग समुद्राचा. सुएझ कालव्यातून मुंबई, मुंबईहून जहाजाने बसरा आणि तेथून वर बगदाद. नकाशा काढून हा वळसा पाहा. टपालाला आठवडे लागत. दमास्कसहून सरळ वाळवंट ओलांडता आले, तर हा वळसा वाचणार होता.

न्यूझीलंडचे नॉर्मन आणि जेराल्ड नेर्न हे दोघे भाऊ युद्धकाळात पश्चिम आशियात लष्करी सेवेत होते. युद्धानंतर त्यांनी बैरूतमध्ये मोटारींचा व्यवसाय सुरू केला. एप्रिल १९२३ मध्ये दमास्कसहून बगदादकडे मोटारींची चाचणी फेरी झाली आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये टपालाच्या करारासह नियमित सेवा सुरू झाली. सुरुवातीच्या काळात कॅडिलॅक मोटारी वापरल्या जात. काफिल्याला जिथे आठवडे लागत, तिथे मोटार एक-दोन दिवसांत पोहोचू लागली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. उंट किंवा घोडा मोटारीला गाठू शकत नाही. मग लुटीची भीती संपली का?

नाही. कारण मोटारीला थांबावे लागते. टायर फुटतो, इंजिन तापते, चाक चिखलात रुतते, पेट्रोल भरावे लागते, रात्री चालक थकतो. शिवाय चाकांच्या खुणा जमिनीवर राहतात आणि टपालगाडीचे वेळापत्रक सर्वांना माहीत असते. वेग हे संरक्षण आहे, पण गाडी धावत असेपर्यंतच.

म्हणून या सेवेने जुन्या पद्धती टाकून दिल्या नाहीत. नव्याशी त्यांची सांगड घातली. दमास्कसचे महंमद इब्न बस्साम हे उंटांच्या व्यापारातले मोठे नाव. टोळीप्रमुखांशी त्यांचे जुने संबंध होते आणि मोटारमार्ग सुरू होण्यात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. सुरक्षित वाटेसाठी टोळ्यांना पैसे देण्याचा व्यवहार त्यांच्या मध्यस्थीने चालला. म्हणजे कॅडिलॅकच्या खर्चातही खुव्वा होताच.

त्याचबरोबर काही व्यावहारिक शिस्त पाळली जाई.

(अ) मोटारी एकट्यादुकट्या न जाता ताफ्याने जात, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी मदतीला असे.
(आ) पाणी, अन्न, पेट्रोल आणि सुटे भाग गरजेपेक्षा जास्त घेतले जात.
(इ) वाट जाणणारे अनुभवी चालकच पाठवले जात.

अभियांत्रिकीत याला आम्ही राखीव क्षमता म्हणतो. एक भाग निकामी झाला तरी संपूर्ण व्यवस्था कोसळू नये, यासाठी ती ठेवतात.

६. १९२५ : तंत्र तेच, रस्ता बंद

जुलै १९२५ मध्ये सीरियात फ्रेंच सत्तेविरुद्ध मोठा उठाव सुरू झाला. द्रूझ भागात सुरू झालेला हा उठाव दमास्कसच्या परिसरात पसरला. वाळवंटी मार्गावर मोटारींवर हल्ले झाले. मोटारी त्याच होत्या, चालक तेच होते, पाण्याच्या टाक्याही तेवढ्याच होत्या. तरीही रस्ता असुरक्षित झाला, कारण ज्या राजकीय समजुतीवर तो उभा होता तीच मोडली होती.

सेवा टिकवण्यासाठी मार्ग बदलावे लागले. काही काळ वाहतूक जेरुसलेम आणि अम्मानकडून, म्हणजे त्या काळ्या दगडांच्या भागातून वळवली गेली. काही काळ उत्तरेच्या पालमायराकडून. यातले काहीही सोयीचे नव्हते. पण एकच वाट असलेल्या सेवेपेक्षा दोन-तीन वाटा माहीत असलेली सेवा टिकून राहते, हे यातून दिसले. १९२६ मध्ये नेर्न यांची कंपनी आणि तिची एक प्रतिस्पर्धी कंपनी एकत्र आल्या.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने शब्दांबाबत सावध असावे. वसाहतवादी सरकारच्या कागदपत्रांत ‘दरोडेखोर’ हा शब्द सरसकट येतो. त्यात खरोखरचे लुटारू असत, पोटासाठी लुटणारे असत आणि परकीय सत्तेविरुद्ध लढणारेही असत. लुटल्या गेलेल्या प्रवाशाला हा फरक कळत नाही. त्याची भीती खरीच असते. पण आपण कागद वाचताना हा फरक शोधला पाहिजे.

७. रुतब्याचा किल्ला आणि वाळवंटी पोलीस

१९२० च्या दशकात रुतब्याच्या विहिरींजवळ एक किल्लेवजा ठाणे उभे राहिले. तेथे पोलीस, बिनतारी संदेशयंत्र, पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाची सोय होती. विमानेही तेथे उतरत. आज महामार्गावर आपण जे सोयीचे थांबे पाहतो, त्यांचेच हे तटबंदीतले रूप समजा. यातले सर्वांत महत्त्वाचे साधन कोणते? बंदूक नव्हे, बिनतारी यंत्र. ताफा निघाल्याची बातमी पुढे जाई आणि तो वेळेत पोहोचला नाही तर शोध सुरू करता येई. प्रवासी वाळवंटात असला तरी कोणाच्या तरी हिशेबात राहू लागला.

१९२२ पासून इराकच्या संरक्षणाची मुख्य जबाबदारी ब्रिटिश हवाई दलाकडे होती. त्यांची विमाने आणि चिलखती मोटारी वाळवंटात फिरत. फ्रेंचांकडे उंटस्वार पथके होती. ट्रान्सजॉर्डनमध्ये १९३० नंतर जॉन ग्लब या अधिकाऱ्याने वाळवंटी गस्ती दल उभे केले आणि त्यात बदू तरुणांनाच भरती केले. ज्यांना वाळवंटाची प्रत्येक खूण माहीत होती, त्यांना आता पगार, गणवेश आणि मान मिळाला. एका अर्थाने हा जुना रफीकच होता. फरक एवढाच की त्याला आता टोळीऐवजी सरकार पाठवत होते.

१९३४–३५ मध्ये किरकुकहून भूमध्य समुद्राकडे तेलाची नळवाहिनी सुरू झाली. तिच्या पंपिंग ठाण्यांमुळे वाळवंटात आणखी काही ठिकाणी पाणी, माणसे आणि दळणवळणाची सोय झाली. गाड्याही बदलल्या. मोटारींच्या जागी मोठ्या बसगाड्या आल्या, आणि १९३७ मध्ये वातानुकूलित बसगाड्या. त्याआधी, १९२८ मध्ये, रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी याच सेवेच्या बसने दमास्कस ते बगदाद प्रवास केला होता. पाच वर्षांपूर्वी जे धाडस होते, ते तिकीट काढून करता येऊ लागले.

पण तिसरा प्रश्न विसरू नका. किंमत कोणी मोजली? उंट वाहतुकीवर जगणाऱ्यांचा धंदा बुडाला. नव्या सीमारेषांमुळे कुरणे वाटली गेली. हवाई दलाचा वापर कर न देणाऱ्या आणि बंड करणाऱ्या टोळ्यांवर बॉम्ब टाकण्यासाठीही झाला. बसमधील प्रवाशाची निर्धास्त झोप आणि टोळीच्या तंबूवरची विमानाची सावली ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती.

८. पुन्हा तोच रस्ता : २००३ नंतर

पुढे अम्मान आणि बगदाद यांच्या दरम्यान रुंद, पक्का महामार्ग झाला. तंत्राच्या दृष्टीने आता काहीही कमी नव्हते. तरीही २००३ मध्ये इराकमधील सरकार कोसळताच रमादी आणि फलुजा परिसरात या महामार्गावर लूटमार सुरू झाली. बगदादकडे निघालेल्या पत्रकारांकडे मोठ्या प्रमाणात रोख डॉलर असत, आणि हे लुटारूंना ठाऊक होते.

मग चालकांनी काय केले? रात्री अम्मान सोडायचे, पहाटे सरहद्दीवर पोहोचायचे, धोक्याचा पट्टा दिवसाउजेडी ओलांडायचा, शक्यतो दोन-तीन गाड्यांनी मिळून जायचे आणि मध्ये थांबायचे नाही. या नियमांत १९२३ च्या चालकाला नवे असे काहीच वाटले नसते.

२०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेने रुतबा ताब्यात घेतले. त्यानंतर या मार्गावरच्या ट्रकचालकांकडून ती पैसे वसूल करी आणि त्याची पावतीही देई. पावती दाखवली की पुढच्या नाक्यावर पुन्हा पैसे द्यावे लागत नसत. खुव्वा परत आला होता. फक्त त्यातला भाऊपणाचा अर्थ उरला नव्हता. २०१६ मध्ये इराकी सैन्याने रुतबा परत मिळवले आणि २०१७ मध्ये जॉर्डनच्या सरहद्दीवरचे नाके पुन्हा उघडले.

९. आपल्यासाठी काय?

तुमच्यापैकी कोणी जैसलमेरच्या बाजूला, कच्छच्या रणाकडे किंवा लडाखच्या उंच वाळवंटात गाडी चालवत जाईल. तेथील परिस्थिती इराकसारखी नाही आणि विनाकारण घाबरण्याचेही कारण नाही. पण या इतिहासातून हाती लागणाऱ्या गोष्टी कोणत्याही निर्जन रस्त्याला लागू पडतात.

(अ) निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ कोणाला तरी कळवून ठेवा. हेच तुमचे रुतब्याचे बिनतारी यंत्र.
(आ) शक्य तर दोन गाड्यांनी जा आणि निर्जन टप्पा दिवसा ओलांडा.
(इ) पाणी, इंधन आणि सुटे चाक गरजेपेक्षा जास्त ठेवा. लुटारू थांबलेल्या गाडीची वाट पाहतो; गाडी थांबणार नाही याची काळजी आधीच घ्या.
(ई) स्थानिक चालक, धाबेवाले आणि पोलीस ठाणे यांच्याकडे रस्त्याची चौकशी करा. ते आजचे रफीक आहेत.
(उ) मोठी रक्कम सोबत ठेवू नका आणि कोणी अडवलेच तर वस्तूसाठी जीव धोक्यात घालू नका. गाडीपासून दूर जावे लागलेच तर पाणी सोबत असू द्या. १७५७ च्या यात्रेकरूंचा जीव कशाने गेला ते आठवा.

१०. समारोप

या मार्गाच्या इतिहासात शस्त्र आणि वेग दोन्ही होते, पण केवळ त्यांच्या जोरावर रस्ता फार काळ सुरक्षित राहिला नाही. रस्ता सुरक्षित राहिला तो बाजूला राहणाऱ्या माणसांना त्या रस्त्यातून काही मिळत होते तेव्हा, वाटेत पाणी आणि बातमी पोहोचवण्याची सोय होती तेव्हा, आणि दिलेला शब्द पाळणारी एखादी सत्ता उभी होती तेव्हा. या तिन्हींपैकी एक खांब काढला की उंट असो, कॅडिलॅक असो की आधुनिक महामार्ग, लूट परत आली.

निर्जन रस्त्यावरून आपण निर्धास्त जातो, तेव्हा आपल्या आधी कोणीतरी तो विश्वास बांधून ठेवलेला असतो. तो कोणी बांधला, कोणाच्या खर्चाने बांधला आणि तो कशाने मोडेल, हे विचारणे हे इतिहासाचे काम आहे.

विचारासाठी प्रश्न

१. खुव्वा आणि आजचा महामार्गावरील पथकर यांत साम्य कोणते आणि फरक कोणता? कराला कायदेशीरपणा कशामुळे येतो?
२. ‘वेग हे संरक्षण आहे, पण गाडी धावत असेपर्यंतच.’ या विधानाची चर्चा करा.
३. तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घाटमार्गाची किंवा व्यापारी वाटेची माहिती घ्या. तेथे राखणदारी कोण करत होते आणि त्यांना मोबदला कसा मिळत होता?
४. वसाहतकालीन कागदपत्रांत ‘दरोडेखोर’ हा शब्द आढळल्यास त्या माणसाबद्दल अधिक माहिती मिळवण्यासाठी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?